सहाचा भाव

आमच्या अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, शुगर नाही, बीपी नाही. पेट्रोल आहे.

पूर्वी भाव पंधरा दिवसांनी, मध्यरात्री बदलायचे. वाढणार अशी कुणकुण लागली की अप्पा भात तसाच टाकून पंपाच्या रांगेत उभे. १६ जून २०१७ पासून भाव रोज सकाळी सहाला बदलू लागले आणि अप्पांच्या निवृत्तीला अर्थ आला. उठायचं, कंपनीला एसएमएस करायचा, आलेला आकडा डायरीत टिपायचा आणि मग दात घासायचे. जुलै २०२२ मध्ये राज्य सरकारने कर उतरवला आणि मुंबईत पेट्रोल १०६ रुपये ३१ पैशांवर येऊन बसलं. ते बसलं ते मार्च २०२४ पर्यंत हललंच नाही. तिकडे कच्च्या तेलाच्या कोलांट्या चालू, आणि इकडे अप्पांच्या डायरीत पानोपानी '१०६.३१. जैसे थे.' तरी एसएमएस एक दिवस चुकला नाही. मी एकदा म्हटलं, "अप्पा, बदलला तर टीव्हीवर सांगतीलच की." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी संध्या बंद करायला सांगितली असावी.

आम्ही चेंबूरला राहतो. माहुलच्या दोन्ही रिफायनऱ्या वाऱ्याच्या अंतरावर. पेट्रोल आमच्या नाकासमोर तयार होतं, हे इथे शब्दशः खरं आहे. आणि २०२४ च्या जुलैपर्यंत मुंबई, ठाणे, नवी मुंबईला पेट्रोलवर व्हॅट २६ टक्के, उरलेल्या महाराष्ट्राला २५! "म्हणजे वास आम्ही घ्यायचा आणि टक्का पण आम्हीच जास्त द्यायचा?" हा अप्पांचा प्रश्न गणपतीत आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मोदकासोबत मिळायचा.

आता स्कूटर मी चालवते आणि अप्पा मागे बसतात, त्यामुळे पेट्रोल कुठे भरायचं हे मागून ठरतं. जवळचा पंप सोडून पुढचा, कारण तिथे सात पैसे कमी. भाव कंपनी ठरवते, डेपोपासूनच्या वाहतुकीने चार-दोन पैसे इकडेतिकडे होतात, पंपवाल्याला त्यात बोटही घालता येत नाही, हे सगळं अप्पांनीच मला समजावलेलं. तरीही सात पैसे. बरं, भावात चढाओढ करता येत नाही म्हटल्यावर पंपवाल्याने गिऱ्हाईक ओढायचं कशाने? हवेने. ती फुकट द्यायची असा नियमच आहे, आणि बहुतेक वेळा हवावाला जेवायला गेलेला असतो.

पंपावरचा पोरगा सवयीने म्हणतो, "काका, झीरो बघा." दुसरं कुणी असतं तर झीरो बघून गप्प बसलं असतं. अप्पा चष्मा बदलतात. झीरो बघतात. मग घनता विचारतात. मग, "पाच लिटरचं माप आणा." गिऱ्हाइकाचा हक्क आहे तो, नाकारता येत नाही. पाच लिटरमागे पंचवीस मिलिलिटरपर्यंतचा फरक माफ असतो, हेही अप्पांना पाठ. मागे रिक्षांची रांग, हॉर्न सुरू.

"काका, किती टाकायचंय?" पोराने विचारलं.

"शंभरचं."

"एक लिटर पण येत नाही त्यात, आणि माप पाच लिटरचं?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे," अप्पा म्हणाले. मागच्या रिक्षावाल्याने तत्त्वाला उद्देशून जे म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. माप आलं. बरोबर भरलं. अप्पांचा चेहरा पडला.

पण खरा पराक्रम वापीच्या लग्नाचा. २०२३ साली गुजरातेत पेट्रोल आपल्यापेक्षा लिटरमागे साधारण दहा रुपयांनी स्वस्त होतं. म्हणून अप्पांचा हुकूम: गाडीत हद्दीपर्यंत पुरेल इतकंच पेट्रोल ठेवायचं. मनोरलाच काटा लाल रेघेवर. तलासरीच्या आधी अप्पांनी एसी बंद करायला लावला. मे महिना, जरीच्या साड्या, मागच्या सीटवर सासूबाई, मी आणि हळूहळू वितळणारा गजरा. नवरा उतार दिसला की न्यूट्रल टाकत होता. हद्द ओलांडली तेव्हा गाडीत टाळ्या वाजल्या.

पहिल्याच पंपावर रांग. पुढे दहिसरची गाडी, तिच्यापुढे ठाण्याची. नंबरप्लेट बघून आपण मुलुंड चेकनाक्यालाच आहोत असं वाटावं. टाकी काठोकाठ भरली. वाचलेल्या साडेतीनशेतून खमण, फाफडा, लिंबूपाणी आणि सासूबाईंची डोकेदुखीची गोळी झाली, तरी अप्पांचं समाधान होईना. त्यांनी डिकीतून पाण्याचा कॅन काढला.

"काका, प्लॅस्टिकमध्ये देता येत नाही," इथलाही पोरगा चक्क मराठीत म्हणाला.

अप्पांची नजर गाडीभर फिरली, आणि सासूबाईंनी लाडवांचा स्टीलचा डबा मांडीवर घट्ट आवळला.