उंबरठा धरून दोनशे तीस

माझे वडील पायऱ्या मोजतात. कुणी जपमाळ ओढतं, कुणी शीळ घालतं, बाबा मोजतात. ३५ वर्षं लेखापरीक्षणात काढली, निवृत्तीनंतर तपासायला फायली उरल्या नाहीत, तेव्हा जगच तपासायला घेतलं. दर रविवारी पर्वती चढतात आणि पुरत्या १०३ पायऱ्या भरल्या की समाधानानं घरी येऊन पोहे खातात. लग्नानंतर जेजुरीला आईला उचलून चढले, तेव्हाही मोठ्यानं मोजत होते म्हणे. पाच झाल्याबरोबर तिला खाली ठेवलं. ‘नियम पाचाचाच आहे.’ पुढे गडाच्या ‘नवलाख पायरी’वर त्यांनी काढलेले आक्षेप ऐकून गुरवानं हात जोडले होते.

अशा माणसाला मी आपण होऊन सांगितलं, की आपण रविवारी ज्या चर्चला जाणार आहोत, त्याला २३० पायऱ्या आहेत. चूक माझीच.

इडार-ओबरश्टाइन. फ्रँकफर्टहून रेल्वेनं दोनेक तास. गाव रत्नांचं, शतकानुशतकं इथे अकीक घासतात. पूर्वीचे कारागीर पाणचक्कीवर फिरणाऱ्या भल्यामोठ्या दगडी चाकापुढे पोटावर पालथे पडून काम करायचे. त्यांचे हाल मला कळतात, पण त्या संध्याकाळपर्यंत पालथं पडण्याची कल्पना मला फार गोड वाटू लागली होती.

“नाहे नदी, नाहे नदी म्हणत होतास, ती कुठाय?” स्टेशनातून गावात शिरताच बाबांनी विचारलं.

“आपण तिच्यावर उभे आहोत.” १९८०च्या दशकात इथे नदीवर छप्पर घालून वरून हमरस्ता नेला.

“आपण पात्रात रस्ता केला, यांनी नदीलाच तळघरात टाकलं,” बाबा म्हणाले. आवाजात जरा आदर होता.

मान वर केली तर चर्च. उभ्या काळपट कड्याच्या पोटात बसवलेलं, पांढरं, टोकदार शिखराचं. “दिवाळीच्या किल्ल्यात आपण बोटानं खळगा करून देऊळ खुपसतो ना, अगदी तस्सं,” आई म्हणाली. मला याहून नेमकं वर्णन अजून सापडलेलं नाही.

चढाई सुरू झाली. बाबा पुढे, ओठ हलताहेत. मागे आई, गुडघ्याला पट्टा. शेवटी मी; पाठीवर पिशवी, पिशवीत थर्मास, चिवडा, तीन स्वेटर आणि ‘असू दे’ म्हणून घेतलेली छत्री. सत्तेचाळिसाव्या पायरीवर मी “दमलात का?” असं विचारलं, त्यावर बाबांनी वाहतूक पोलिसासारखा हात वर केला. एकशे बाराव्या पायरीवर समोरून उतरणाऱ्या आजोबांनी “गुटन टाग” केलं. बाबांनी बोटांनी आकडा धरून ठेवत नुसती मान हलवली. त्या आजोबांना काय वाटलं असेल, देव जाणे.

शेवटी खडकातला बोगदा लागतो. पूर्वी वाटेवर दगड कोसळायचे, म्हणून १९८०मध्ये तो खोदला. बोगद्याच्या पलीकडे बाबा थांबले आणि निकाल लागला : २२७.

“तीन कुठे गेल्या?”

“बाबा, माझा श्वास गेलाय, तुम्ही पायऱ्यांचं काय घेऊन बसलात?”

“विचार त्या बाईंना.”

तिकीट देणाऱ्या बाईंना मी ओशाळून जर्मनमध्ये विचारलं. त्या हसून म्हणाल्या, दोनशे तीस. मी भाषांतर केलं. “लेखी आहे का?” बाबा म्हणाले. याचं भाषांतर मी केलं नाही.

आत गारवा. एका अंगाला भिंत नाहीच, डोंगरच आहे, आणि तो पाझरतो. चर्च १४८२ ते १४८४ या काळात चौथ्या वीरिश या सरदारानं बांधलं, हा इतिहास. गावाला आवडते ती दंतकथा. वीरिश आणि एमिश हे दोघे भाऊ बेर्था नावाच्या एकाच मुलीवर भाळले. एमिशचं तिच्याशी जमलं, आणि वीरिशनं रागाच्या भरात त्याला वरच्या गढीच्या खिडकीतून खाली फेकलं. प्रायश्चित्त म्हणून भाऊ पडला तिथे स्वतःच्या हातांनी चर्च खोदलं. ते पुरं झालं तेव्हा खडकातून झरा फुटला; आणि चर्च देवाला अर्पण झालं त्याच दिवशी वीरिशनं वेदीपाशी प्राण सोडला.

आई सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, “आणि बेर्थाचं काय झालं?”

मला माहीत नव्हतं.

“बघ. चर्च भावाला, झरा देवाला. त्या पोरीसाठी बाकसुद्धा नाही.” मग तिनं झऱ्याचं पाणी बोटावर घेऊन डोळ्यांना लावलं आणि माझ्याही डोक्यावर शिंपडलं. ते चर्च प्रोटेस्टंटांचं आहे, हे सांगायचं मी टाळलं.

बाबा हे सगळं होईपर्यंत दाराशी उभे होते. उंबरठ्याकडे बघत.

उतरताना भरल्या २३१. चढताना २२७, उतरताना २३१. चारांची तफावत घेऊन हा माणूस झोपणार नाही, हे आई आणि मी एकदमच ओळखलं. आई बाकावर बसली, चिवड्याचा डबा काढून घेतला आणि म्हणाली, “तू जा त्यांच्याबरोबर. मी जेजुरीला गेले होते.”

पुन्हा चढलो. तिकिटाच्या बाईंनी आम्हाला पाहिलं, माझा चेहरा पाहिला आणि काही न बोलता खुर्ची पुढे सरकवली. या वेळी २२९. बाबा उंबरठ्यापाशी गेले, बुटाच्या टाचेनं तो दोनदा ठोकून पाहिला, बराच वेळ विचार केला.

“उंबरठा धरला तर बरोबर आहे,” ते म्हणाले आणि बाईंशी हस्तांदोलन केलं. बाईंनी का कोण जाणे, त्यांचं अभिनंदन केलं.

रात्री दहाला घरी पोचलो. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, इमारत जुनी, लिफ्ट नाही. मी कठड्याला धरून पहिला पाय उचलला.

“इथे किती आहेत रे?” मागून आवाज आला.

“मोजल्या नाहीत, बाबा.”

“सहा वर्षं राहतोस आणि मोजल्या नाहीत?” त्यांनी मला खांद्याला धरून हळूच खाली ओढलं, पहिल्या पायरीच्या अलीकडे.