‘मोजणी झाली की बघू’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सलाम बंधू,

पश्चात्ताप पुढे ढकलण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि जरा रागावून लिहिलंत, त्याबद्दल आभार. इतरांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. एक, ‘आज रात्री मेलात तर?’ असं विचारणारा उपदेशक आणि विमा एजंट यांत काही फरक नाही, आणि शिकागोच्या आगीची गोष्ट सांगून मीही तेच केलं. दोन, येशूशेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराला शेवटच्या घटकेला सुखलोक मिळाला, येशूच्या दाखल्यात द्राक्षमळ्यात संध्याकाळी आलेल्या मजुरालाही पूर्ण रोज मिळाला, मग घाई कसली? तीन, घाईतला निर्णय कच्चा असतो. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी, पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती होताना वेळ घेतला, त्यांना कुणी टाळाटाळ करणारे म्हणत नाही. आणि अगदी शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंत : ‘सध्या थोरल्या भावाशी बांधावरून वाद चालू आहे, बोलणं बंद आहे. मोजणी झाली, ते मिटलं, की मग देवाकडे नीट बघू.’

मला तुमच्या सगळ्या लिहिण्यात ही शेवटची ओळच सर्वांत खरी वाटली. तिच्याकडे येतोच.

भीतीबद्दल तुमच्याशी माझं भांडण नाही. संजीवन सभांमध्ये, म्हणजे श्रद्धा जागवायला भरवलेल्या प्रवचनसभांमध्ये, कीबोर्डचे हळुवार सूर चालू ठेवून ‘घरी जाताना रस्त्यात काही झालं तर?’ म्हणणारे मीही ऐकले आहेत. त्या क्षणी वर गेलेले बरेच हात सोमवारी पुन्हा होते तिथेच असतात. पण मूडींची गोष्ट त्या माळेतली नाही. ८ ऑक्टोबर १८७१, रविवार. अमेरिकन उपदेशक ड्वाइट मूडी शिकागोत, येशूचा खटला चालवणारा रोमी सुभेदार पिलात याच्या प्रश्नावर बोलले : ख्रिस्त म्हटलेल्या येशूचं मी काय करू? शेवटी त्यांनी श्रोत्यांना सांगितलं, आठवडाभर विचार करा आणि पुढच्या रविवारी उत्तर घेऊन या. त्याच रात्री आग लागली. सुमारे तीनशे माणसं गेली, लाखभर बेघर झाली, मूडींचं स्वतःचं घर आणि मंडळीची (चर्चची) इमारतही जळाली. ती सभा पुन्हा कधी भरली नाही. ही गोष्ट श्रोत्यांना घाबरवायला वापरली जाते हे खरं, पण मूडी ती स्वतःच्या विरोधात सांगत. मुदत श्रोत्यांनी मागितलीच नव्हती, ती मूडींनी देऊ केली होती. लेखात मी ती घेतली ती त्यासाठीच.

मरणाच्या भीतीवर उभा केलेला युक्तिवाद मला आणखी एका कारणाने लंगडा वाटतो. त्यात गृहीत असं असतं की जो ऐंशी वर्षं सुखरूप जगला त्याचं ‘नंतर बघू’ म्हणून काहीच बिघडलं नाही. फेलिक्सचं काय झालं बघा. नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय चोविसावा. हा यहूदियाचा रोमी सुभेदार, मूळचा गुलामगिरीतून सुटलेला. ख्रिस्ताचा प्रेषित पौल कैसरियात त्याच्या कैदेत आहे. फेलिक्स बायकोला, द्रुसिल्लेला, शेजारी बसवून ख्रिस्तावरच्या विश्वासाबद्दल ऐकायला बसतो, आणि पौल बोलतो नीतिमत्त्व, इंद्रियदमन आणि पुढे होणारा न्याय या विषयांवर. ही द्रुसिल्ला आधी दुसऱ्या राजाची बायको होती आणि फेलिक्सने तिला तिथून फूस लावून आणलं, असं योसेफस या यहुदी इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. म्हणजे कैद्याने विषय अगदी नेमका काढला होता! फेलिक्स घाबरला. म्हणाला, आता जा, सवड झाली की बोलावीन.

आपण प्रवचनात इथे थांबतो, पण हे पुस्तक लिहिणारा लूक थांबत नाही. फेलिक्सला सवड झाली. एकदा नव्हे, तो पौलाला वरचेवर बोलावून गप्पा मारत बसे, कारण पौलाकडून काही पैसे सुटतील अशी आशा होती. असं दोन वर्षं चाललं. पण तो पुन्हा घाबरला असं लूक कुठेही लिहीत नाही. पहिल्या दिवशी ज्या बोलण्याने त्याला घाम फुटला, ते पुढे त्याच्या दरबारातला एक नेहमीचा कार्यक्रम झालं. त्याच्यावर वीज पडली नाही, तो तडकाफडकी मेलाही नाही. त्याच्या जागी पुर्क्य फेस्त आला, एवढंच. आणि निघताना यहुद्यांची मर्जी राखायला तो पौलाला तसाच बेड्यांत ठेवून गेला. फेलिक्सला सवड होईपर्यंतची ती दोन वर्षं तुरुंगात दुसऱ्याच कुणीतरी काढली. (फेलिक्स आणि द्रुसिल्लेचा मुलगा पुढे व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला. काही उपदेशक हा तपशील बापाची शिक्षा म्हणून रंगवतात. त्या पोराने काय केलं होतं, असं त्यांना विचारावंसं वाटतं.)

आता चोर आणि मजूर. हा युक्तिवाद तुमचा नाही, तो चौथ्या शतकातला आहे, आणि तेव्हा तर ती रीतच पडली होती. बाप्तिस्म्याने आधीची सगळी पापं धुऊन निघतात, पण नंतर मोठं पाप झालं तर मंडळीसमोर उघड आणि दीर्घ प्रायश्चित्त, तेही आयुष्यात एकदाच, असा तेव्हाचा नेम. मग हिशोबी माणूस बाप्तिस्मा शेवटासाठी राखून ठेवायचा. सम्राट कॉन्स्टंटाइन वर्षानुवर्षं मंडळीचा आश्रयदाता होता, पण त्याचा बाप्तिस्मा झाला ३३७ साली, मृत्यूच्या थोडंच आधी. ३२६ साली त्याने स्वतःच्या मुलाला, क्रिस्पसला, ठार करवलं होतं. त्याच्या आत्म्याचा निवाडा करणारा मी कोण? पण क्रिस्पसला त्या बाप्तिस्म्याचा काही उपयोग झाला नाही, एवढं तर सांगता येतं.

पुढचा एक सम्राट थिओडोसियस, त्याचं उलटं झालं. ३८० साली मोठ्या आजारपणात त्याने बाप्तिस्मा घेतला आणि तो बरा झाला! आता सम्राट असूनही तो मंडळीच्या शिस्तीखाली होता. ३९० साली त्याच्या सैन्याने थेस्सलनीकात लोकांची कत्तल केली, तेव्हा मिलानचा बिशप अँब्रोज याने त्याला प्रभुभोजन द्यायला नकार दिला, आणि जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला राजचिन्हं बाजूला ठेवून लोकांसमोर पश्चात्ताप करावा लागला. शेवटासाठी राखून ठेवणाऱ्यांना नेमकं हेच नको होतं. त्यांना क्षमा हवी होती, फक्त क्षमा मिळालेला माणूस म्हणून जगण्याची वेळ यायला नको होती.

नाझियान्झसचा ग्रेगरी हा धर्मगुरू ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये अशा लांबणीवर टाकणाऱ्यांवर बरसला. त्याच्या बोलण्याला धार होती, कारण तरुणपणी अथेन्सला जाताना समुद्रात वादळात सापडल्यावर बाप्तिस्म्याविना मरण्याच्या भीतीने तो स्वतः हादरला होता. द्राक्षमळ्याचा दाखला त्याच्याही तोंडावर फेकला जात असे. त्याचं उत्तर असं की, दिवस मावळताना आलेल्या त्या मजुरांना आधी कुणी बोलावलंच नव्हतं. मालकाने विचारलं तेव्हा ते तसं सांगतातही : आम्हांला कोणी कामावर लावलं नाही. सकाळी हाक ऐकून ‘पाचला येतो’ म्हणणारा मजूर त्या दाखल्यात शोधून दाखवा.

चोराचंही तसंच. त्या दिवसाआधी तो येशूला भेटल्याचं शास्त्रात कुठे नाही. खिळलेल्या हातांनी जेवढं करता येईल तेवढं त्याने लगेच केलं. आपल्याला मिळतंय ते आपल्या कर्माचं योग्य फळ आहे हे सगळ्यांदेखत कबूल केलं आणि पलीकडे टिंगल करणाऱ्या सोबत्याला दटावलं. बाकी शेवटच्या घटकेचं म्हणाल, तर आता ती बहुतेक आयसीयूत येते, घशात नळी आणि सलाइनमधून गुंगीचं औषध. तुमच्या पाळकांना विचारा, किती जण तेव्हा बोलण्याच्या स्थितीत असतात.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो तुम्ही मराठी ख्रिस्ती माणसाच्या मर्मावर ठेवून मांडलाय. टिळकांना १८९३ साली राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. बाप्तिस्मा झाला १८९५ च्या फेब्रुवारीत, मुंबईत. पण मधली दोन वर्षं रिकामी नव्हती. वाचन, पत्रव्यवहार, स्वतःशी वाद, आणि संसार मोडेल ही डोळ्यांसमोर दिसणारी शक्यता. तो काही वर्षं मोडलाही. पत्नी लक्ष्मीबाई दूर राहिल्या, मग स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या गतीने चालत आल्या, आणि १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. याला टाळाटाळ म्हणायची माझी छाती नाही. त्या दोघांपुढे न सुटलेले प्रश्न होते आणि ते ते सोडवत होते. तुमच्यापुढे कोणता प्रश्न आहे? तुम्हीच लिहिलंय की ‘ख्रिस्त खरा आहे याबद्दल मला शंका नाही.’ मग शोध कसला चालू आहे?

रमाबाईंचं उदाहरण तर तुम्ही माझ्याच पदरात टाकलंत. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात, वाँटेजला झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. विधी झाला आणि मुख्य गोष्ट राहून गेली, असंही होतं. तुम्ही-आम्ही तिसऱ्या-चौथ्या पिढीतले. बालबाप्तिस्मा झाला, दृढीकरण झालं, नाताळची वर्गणी वेळेवर जाते. मंडळीच्या रजिस्टरात आपल्या नावापुढे काहीच बाकी दिसत नाही, म्हणून पुढे ढकलणं आपल्याइतकं सोपं कुणालाच जात नसेल.

तुमच्यासारखा माणूस हवा असेल तर टिळकांकडे नको, ऑगस्टीनकडे जा, चौथ्या शतकातल्या त्या आफ्रिकी संताकडे. तो लहानपणी आजारी पडला तेव्हा बाप्तिस्म्याची तयारी झाली होती. तो बरा झाला आणि बाप्तिस्मा लांबणीवर पडला, कारण पुढे पापं होणारच, मग आत्ता कशाला? मोठेपणी तो यावर वैतागून लिहितो की, शरीराच्या बाबतीत कुणी म्हणतं का, अजून बरा झाला नाही ना, मग आणखी जखमा होऊ द्या! तरुणपणी त्याची प्रार्थना होती : मला शुद्धता दे, संयम दे, पण आत्ताच नको. देव लगेच ऐकेल याचीच त्याला धास्ती होती, हेही त्याने कबूल केलंय. मिलानच्या बागेत तो मोडून पडला ३८६ साली, बाप्तिस्मा पुढच्या वर्षी ईस्टरला. हे सगळे सांगतात. मधलं एक सांगायचं टाळतात. अनेक वर्षं त्याच्यासोबत राहिलेली, त्याच्या मुलाची आई असलेली एक बाई होती. चांगल्या घराण्यातलं लग्न जुळत होतं म्हणून तिला आफ्रिकेला परत पाठवलं गेलं. मुलगा इकडेच राहिला. आणि लग्नाला अजून अवकाश होता, तेवढ्यात यांनी दुसरी ठेवली. ‘आत्ताच नको’च्या त्या वर्षांत त्या बाईचं आयुष्य होतं. तिचं नावसुद्धा त्याने लिहिलेलं नाही.

म्हणून तुमच्या शेवटच्या ओळीशी मी अडलो. तुम्ही समजताय की पश्चात्ताप ही तुमची आणि देवाची आपसातली गोष्ट आहे, ती थांबली तर तुमचंच काय ते थांबेल. येशू डोंगरावरच्या प्रवचनात याच्या उलट सांगतो : अर्पण वेदीपर्यंत आणलंस आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर, मग ये. तुम्ही म्हणता भावाचं मिटलं की देवाकडे बघू. वरवर क्रम तोच वाटतो, आधी भाऊ आणि मग देव. पण येशू त्या माणसाला स्वतः उठून जायला सांगतो. तुम्ही ते काम भूमी अभिलेखच्या मोजणीवाल्याला दिलंय.

‘म्हणजे मी बांध सोडून द्यायचा का?’ असं तुम्ही विचारलंय. मुळीच नाही. सातबारा तुमच्या नावावर आहे, मोजणी करा, हद्दीच्या खुणा रोवा, जे तुमचं आहे ते घ्या. पण तुमच्याच प्रतिक्रियेत मध्येच एक वाक्य आलंय : ‘त्याने बांध कोरला, मग एक वर्ष मीही ट्रॅक्टरवाल्याला सांगून कोरला.’ मी म्हणतोय ते एवढ्यापुरतंच. जक्कय या श्रीमंत जकातदाराच्या घरी येशू उतरायला गेला तेव्हा जक्कयाने प्रार्थना म्हटल्याचं लूक लिहीत नाही. उभा राहून त्याने हिशोब सांगितला : अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत. ‘आज या घराला तारण झालं आहे’ हे शब्द त्यानंतर आले.

मोजणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे म्हणता. तुम्ही कोरलेलं तेव्हा नकाशावर दिसेलच. त्याआधी भावाला फोन करून स्वतः सांगा. वकिलाला विचारायचं तर जरूर विचारा, पण ‘नंतर’ म्हणाला तर कारण विचारा. भाऊ फोन उचलणार नाही कदाचित. मग वहिनींना करा, त्या नक्की उचलतील.