नाशिकच्या थंडीत कुंड्या रिकाम्या कशाला?

गच्चीवरच्या बागेबद्दलच्या एका लेखात म्हटलंय की थंडीत गच्चीवरची भाजी बंद ठेवावी आणि फेब्रुवारीत पुन्हा सुरू करावी. आमच्या नाशिकला हे काही पटणारं नाही. मेथी, पालक, मुळा, वाटाणा यांचा खरा हंगामच हा! गाजराला तर थंडी लागली की गोडी आणखी चढते, कारण गारठ्यात ते साठवलेल्या स्टार्चची साखर करतं. अडून बसतात ती टोमॅटो, मिरची, वांगी. रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली राहिला की टोमॅटोची फुलं गळतात, फळ धरत नाही. ही रोपं भिंतीच्या आडोशाला, पण दक्षिणेचं ऊन मिळेल अशी ठेवा (हिवाळ्यात सूर्य तिकडे कललेला असतो, हे गच्चीवाले हमखास विसरतात). निफाडकडे कडाका वाढला की द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या करतात, विहिरीचं पाणी सोडतात, कारण ते हवेपेक्षा कोमट असतं. गच्चीच्या टाकीतलं पाणी मात्र रात्रभर गारठलेलं. ते जरा ऊन चढल्यावरच घाला. आणि वाटाण्याच्या पानांवर पीठ भुरभुरल्यासारखं दिसलं तर ती भुरी, म्हणजे बुरशीचा रोग. पाण्यात मिसळणारं गंधक फवारा, फक्त भर दुपारी नको, पानं करपतात.