चिलटाचं कूळ

चहात चिलट पडलं की माणसाची ओळख पटते. घरचा माणूस ते बोटाने काढतो आणि चहा पिऊन टाकतो. पाहुणा कप हळूच पुढे सरकवतो आणि "आत्ताच घेऊन आलो" म्हणतो. जावई काहीच बोलत नाही, नुसता कपाकडे बघत बसतो, आणि सासूला तेवढं पुरतं. यंदा दिवाळीच्या आगेमागे नागपुरातल्या आमच्या मानेवाड्याच्या बिल्डिंगमध्ये हे तिन्ही प्रकार रोज चालू होते. चिलटं प्रत्येक मजल्यावर होती, आणि ती वरच्या नाहीतर खालच्या मजल्यावरून येतात यावर प्रत्येक मजल्याचं एकमत होतं.

त्यातच माझ्या मेहुण्याने काटोलहून आंबिया बहाराची चुंगडीभर संत्री पाठवली. लिफ्ट बंद होती. त्यामुळे ती चुंगडी जिन्याने चढताना सगळ्या बिल्डिंगने डोळे भरून पाहिली. झालं! तपास संपला, आरोपी सापडला. संध्याकाळी वरच्या काकू दारात हजर.

"काहून हो भाऊ, संत्रे सडून राहिले वाटते तुमच्या घरी? आमच्या बाथरूमात नुसते चिलटंच चिलटं होऊन राहिले."

माझी मुलगी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करते. या शिक्षणाचा घराला काय उपयोग, हा प्रश्न मी फी भरताना दर वेळी मनातल्या मनात विचारतो. ती आतून भिंग घेऊनच बाहेर आली.

"काकू, तुमच्या बाथरूममधलं चिलट उडत असते की भिंतीवर बसून राहते?"

"बसूनच राहते नं बाई. दिवसभर बसून राहते."

"मग ते आमचं नाही," मुलगी म्हणाली, आणि भिंग पुसत आत गेली.

काकूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. माझाही झाला असावा. आपल्याकडे म्हणतात, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये. ऋषींपुरतं ठीक आहे. चिलटाचं मात्र कूळ कळल्याशिवाय मूळ सापडत नाही, आणि मूळ कळल्याशिवाय बिल्डिंगमध्ये कुणाशी भांडायचं ते ठरत नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात चिलटांची कुळवार मोजणी सुरू झाली.

पहिली परीक्षा पंखांची. ज्याला दोनच पंख, ती माशी. लिनियसने १७५८ साली हे द्विपंखी घराणं कागदोपत्री आणलं आणि आज त्यात दीड लाखाच्या आसपास जाती नोंदलेल्या आहेत. बाकी बहुतेक उडणाऱ्या किड्यांना चार पंख असतात. माशीच्या मागच्या दोन पंखांच्या उरल्यात टोकाला गाठ असलेल्या दोन बारीक काड्या. त्यांना संतोलक म्हणतात. उडताना त्या पंखांबरोबर हलतात आणि आपण कुठे कललो, किती वळलो हे माशीला क्षणोक्षणी सांगत राहतात. म्हणूनच आपण टाळी वाजवतो तेव्हा फक्त टाळीच वाजते. हल्ला दिसला की सेकंदाच्या शंभराव्या हिश्शात चिलट अंग कलवून वळलेलं असतं. माझी मच्छर मारायची रॅकेट त्या वेळी अजून पाठीमागे असते.

या परीक्षेत दिवाळीच्या ट्यूबलाइटभोवतीचे हिरवे किडे पहिल्याच फेरीत बाद झाले. ते तुडतुडे, पंख चार, मुक्काम धानाच्या शेतात. आईला हे मान्य नाही. वरणात पडलं ते चिलट, अशी तिची व्याख्या आहे, आणि खरं सांगायचं तर व्यवहाराला ती पुरते.

आमच्या स्वयंपाकघरातलं चिलट निघालं ड्रोसोफिला मेलानोगास्टर. मी भिंगातून पाहिलं. जेमतेम तीन मिलिमीटरचा मातकट जीव, विटकरी लाल डोळे, नराचं बूड काळं. केळ्याच्या देठावर बसून पुढचे पाय एकमेकांवर चोळत होता. १८३० साली मायगेन नावाच्या जर्मन माणसाने याचं बारसं केलं. पण नशीब उघडलं ते न्यूयॉर्कला. थॉमस हंट मॉर्गनने दुधाच्या बाटल्यांत केळी घालून या माश्या पाळल्या. १९१० साली त्यात एक पांढऱ्या डोळ्यांचा नर निघाला, आणि त्याच्या पोराबाळांचा हिशोब ठेवता ठेवता आनुवंशिकतेचं कोडं इतकं उलगडलं की १९३३ साली मॉर्गनला नोबेल मिळालं. मी दुधाची पिशवी धुवायची विसरलो की घरात काय मिळतं, ते सांगत नाही.

पुढे तर या घराण्याची चलतीच झाली. फेब्रुवारी १९४७ मध्ये अमेरिकेने जर्मनांच्या व्ही-टू रॉकेटमध्ये बसवून यांना अंतराळात पाठवलं, आणि ही मंडळी जिवंत परत आली. माणूस अजून चौदा वर्षं जमिनीवरच होता. २०१७ चं नोबेलही यांच्याच अंगातल्या घड्याळावरच्या कामाला मिळालं. त्या घड्याळाप्रमाणे हे चिलट पहाटे आणि संध्याकाळी जास्त हिंडतं आणि दुपारी वामकुक्षी घेतं. म्हणजे नेमकं दोन्ही चहांच्या वेळेला हजर! बायको म्हणाली, "यांना नोबेल मिळालं, मग आपल्या कपात काय शोधून राहिले?"

प्रयोगशाळेतल्या लोकांनाही या माश्यांबरोबर राहून राहून थोडा वाह्यातपणा येत असावा. शिकवलेलं लक्षात न राहणाऱ्या माशीच्या जनुकाला त्यांनी डन्स म्हणून टाकलं, म्हणजे चक्क ढ. मादीने झिडकारलेले नर दारू मिसळलेलं खाणं जास्त खातात, हे त्यांनी २०१२ साली प्रयोग करून जाहीर केलं. एवढ्यासाठी प्रयोगशाळा कशाला? आमच्या चौकात कोणत्याही शनिवारी संध्याकाळी उभं राहायचं होतं.

मी कौतुकाने मेहुण्याला फोन केला की तुझ्या संत्र्यांबरोबर जगप्रसिद्ध फळमाशी आली आहे. तो उखडलाच.

"भाऊजी, फळमाशीचं नाव घेऊ नका! ते तुमचं सडक्यावरचं चिलट हाय. आमची फळमाशी पाहाल तर बोलणार नाही."

त्याचं बरोबर आहे. बागेतली खरी फळमाशी वेगळ्या कुळातली, टेफ्रिटिडी. तिची बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस ही जात घरमाशीएवढी असते, अंगावर गांधीलमाशीसारखे पिवळे पट्टे. ती पिकत आलेल्या धडधाकट फळाच्या सालीला भोक पाडून आत अंडी घालते. आत अळ्या होतात, फळ गळतं आणि शेतकरी रडतो. तिच्यासाठी बागेत मिथाइल युजेनॉलचे कामगंध सापळे टांगतात. त्या वासाला भुलून नर येतात आणि अडकतात. माद्या ढुंकूनही पाहत नाहीत. आमच्या ड्रोसोफिलाला धड सालीचं फळ भेदताच येत नाही. तिला आंबलेलं लागतं, कारण तिला खरी भूक फळावर वाढणाऱ्या यीस्टची. तेव्हा काटोलची संत्री निर्दोष सुटली, तळाला दबून फुटलेलं एक सोडून. खरे गुन्हेगार निघाले काळी पडलेली केळी आणि ओल्या कचऱ्याचा डबा.

नाव ड्रोसोफिला हेही तिला टिकवून ठेवायला झगडावं लागलं. शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की या वंशात एकमेकांचे लांबचे लागणारेही कोंबले आहेत. वाटणी करायची तर मूळ नाव दुसऱ्याच एका जातीकडे जातं आणि सगळ्या जगाच्या ओळखीची ही माशी सोफोफोरा होऊन बसते. म्हणून नाव हिच्याकडेच ठेवा, असा अर्ज प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाकडे गेला. सातबाऱ्यावरच्या फेरफारासारखं ते प्रकरण वर्षानुवर्षं चाललं, हरकती आल्या, आणि २०१० साली आयोगाने अर्ज फेटाळला. वाटणी काही सर्वांनी मान्य केली नाही, त्यामुळे माशी जुन्याच नावाने वावरते. तलाठ्याकडे खेटे घातलेल्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही.

हिचा बंदोबस्त सोपा. वाटीत व्हिनेगर, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. वासाने येते, बसायला जाते आणि पृष्ठभागाचा ताण मोडलेला असल्यामुळे बुडते. पण केळी तशीच ठेवली तर वाटीचा उपयोग नाही. पंचवीस डिग्रीला अंड्यापासून माशी व्हायला दहाच दिवस लागतात, आणि एक मादी काही शे अंडी घालते. पारा तिशीच्या वर टिकला की मात्र नर वांझ व्हायला लागतात. म्हणजे नागपूरचा मे महिना हा हिच्यावरचा अक्सीर इलाज आहे. फक्त तो आपल्यालाही सोडत नाही.

आता काकूंचं बाथरूम. मुलगी, मी आणि भिंग असे आम्ही वर गेलो. टाइल्सवर करड्या रंगाचे, पानाच्या आकाराचे ठिपके बसले होते, पंख अंगावर छपरासारखे उतरते. भिंगातून पाहिलं तर पंखभर केस, कडेला झालर, मिशा मण्यांच्या. इतका नटलेला जीव बाथरूममध्ये दिवसभर नुसता बसून काढतो. बोटाने दाबलं तर खाली राखेसारखा डाग उरला. हे कूळ सायकोडिडी. यांना फळाशी देणंघेणं नाही. पाइपच्या आत साबण, केस आणि मळ यांचा जो बुळबुळीत थर साचतो, त्यात यांच्या अळ्या वाढतात आणि शेपटाकडच्या नळीने हवा घेतात. वरून उकळतं पाणी, ॲसिड, फिनेल काहीही ओता, थर जागचा हलत नाही. तो ब्रशने खरवडूनच काढावा लागतो.

याच कुळात वालुमाशी येते, आणि तिथे मात्र चेष्टा थांबते. ती रक्त पिते. मच्छरापेक्षा लहान, आवाज नाही, बसली की पंख उभे धरते. भिंतींच्या भेगांत आणि गुरांच्या गोठ्यात राहते. चांदीपुरा विषाणू तिच्यामार्फत पसरतो. हा विषाणू पहिल्यांदा सापडला तो १९६५ साली, आपल्याच नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावच्या रुग्णांत. २००३ साली आणि पुन्हा २०२४ साली त्याने लहान मुलांचे बळी घेतले. काकूंना हे सांगितल्यावर त्या टाइलवरच्या माशीकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागल्या. ही ती नव्हे, ही चावत नाही, हे मुलीने पुन्हा पुन्हा सांगितलं, पण तोवर त्यांनी झाडू उचलला होता.

रात्री तिथल्या नहाणीच्या जाळीवर चिकटपट्टी उलटी लावून ठेवली. सकाळी पट्टीच्या खालच्या बाजूला माश्या चिकटलेल्या. म्हणजे त्या पाइपातून वर येतात. हीच पट्टी आम्ही सगळ्या मजल्यांवर फिरवली. लोकांनी बाथरूम दाखवायला जेवढे आढेवेढे घेतले तेवढे मुलगी दाखवायलाही कुणी घेत नसेल.

मग जिन्यातलं काळं, लुकड्या पायांचं चिलट. ते सायरिडी, कुंडीतलं. ओल्या मातीतल्या बुरशीवर आणि मुळ्यांवर याच्या अळ्या जगतात. मातीवर बटाट्याची चकती ठेवली की खाली काळ्या डोक्याच्या पांढऱ्या अळ्या जमतात. उपाय म्हणजे माती वाळू द्यायची. आमच्या तुळशीला हा उपाय लागू करता येत नाही, कारण आई रोज पाणी घालते आणि तुळशीला पाणी कमी करा म्हणायची माझी छाती नाही. कचऱ्याच्या डब्यावर उडण्याऐवजी झटके देत पळणारं, पाठीला पोक आलेलं एक असतं, ते फोरिडी. आणि फुटाळा तलावावर संध्याकाळी कणीस खाताना तोंडात जाणारे ढगच्या ढग म्हणजे कायरोनोमिडी. लोक मच्छर मच्छर म्हणून गालात मारून घेतात, पण ते चावत नाहीत. तो नरांचा घोळका मादीची वाट बघत तरंगत असतो. त्यात आपण कणीस घेऊन घुसलेलो असतो.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मुलीने चिकटपट्ट्यांचा पुठ्ठा मांडला. कुळाप्रमाणे जबाबदारी वाटता येते, हे लक्षात आल्यावर लोक एकदम जागे झाले. ड्रोसोफिला ज्याच्या घरी, त्याने स्वतःची केळी स्वतः खावीत. सायकोडिडी सगळ्यात जास्त एकाच बाजूच्या बाथरूमांत, म्हणजे दोष डक्टमधल्या सामाईक पाइपाचा. खर्च सोसायटीचा. यावर वरच्या काकूंनी टेबलावर हात मारला.

"मी तर पह्यल्यापासूनच म्हणून राहिली होती, पाइपाचाच घोळ हाय म्हणून!"

राहिली जिन्यातली सायरिडी. जिन्यात कुंड्या फक्त चेअरमनसाहेबांच्या आहेत, आणि त्यांना ते सकाळ-संध्याकाळ पाणी घालतात. "हे सायरिडी बायलॉजमध्ये कुठे बसते?" असं त्यांनी विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले, शब्द तोलून लिहिणारे. त्यांनी इतिवृत्तात लिहिलं: "चिलटांबाबत सविस्तर चर्चा झाली. डक्टमधील पाइप व नहाणी ट्रॅप साफ करण्यासाठी प्लंबर बोलवावा, खर्च दुरुस्ती निधीतून करावा. मा. चेअरमनसाहेबांच्या कुंड्यांचा विषय पुढील सभेत घेण्यात यावा." पुढील सभेची तारीख चेअरमनसाहेब कळवणार आहेत.