पित्त अंगावर उठलं, दोष दुधाला कशाला?

लहान मुलांच्या अंगावर पित्त उठलं तर काय करायचं, याबद्दलचा एक संदेश सध्या पालकांमध्ये खूप फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: पित्त उठलं म्हणजे पोटात काहीतरी चुकीचं गेलं. आदल्या दोन दिवसांत मुलाने जे नवं खाल्लं, तेच कारण. दूध, अंडी, गहू ताबडतोब बंद करा. रक्ताची मोठी अ‍ॅलर्जी तपासणी करा, तिच्यात सगळं कळतं. आणि खाजेचं औषध देऊ नका, त्याने विष आतच दाबलं जातं.

मला हा संदेश आला तेव्हा माझी मुलगी पावणेदोन वर्षांची होती आणि तिच्या पोटावर, मांड्यांवर गांधी उठल्या होत्या. मी त्याच दिवशी तिचं दूध आणि अंडं बंद केलं, ते सोळा दिवस. म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर लिहितेय.

‘पोटात काहीतरी चुकीचं गेलं.’ या समजाला आपल्या भाषेचाही हातभार लागतो. आंबट ढेकर आली तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त. शब्द एकच असला तरी पोटातल्या पित्ताचा या गांधींशी संबंध नाही. त्वचेत मास्ट पेशी असतात. त्या चाळवल्या की हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात, बारीक रक्तवाहिन्यांमधलं पाणी आजूबाजूला झिरपतं आणि तेवढी जागा फुगून खाजू लागते. या पेशींना चाळवणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत: विषाणू, औषध, कीटकाचा दंश, गारठा, घट्ट कपड्याचा दाब, आणि हो, खाणंही. पण या वयाच्या मुलांत कारण सापडतं तेव्हा ते बहुतेक वेळा साधा विषाणू असतं. सर्दी, ताप, जुलाब. ताप असतानाच गांधी येतील असंही नाही. ताप उतरून मूल खेळायला लागल्यावरही येतात आणि आठवडा-दोन आठवडे येत-जात राहतात. कितीतरी मुलांत तर कारण कधीच कळत नाही आणि गांधी आपोआप थांबतात.

आमच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो खाण्याबद्दल नव्हताच. ‘आधी ताप येऊन गेला का?’ आला होता. गांधी उठण्याच्या चार दिवस आधी. मी तो विसरूनही गेले होते.

‘दोन दिवसांत जे नवं खाल्लं, तेच कारण.’ इथे मला थोडं थांबायचंय, कारण कारण शोधायची खरी किल्ली इथेच आहे आणि संदेशाने तीच उलटी फिरवलीय. खाण्याच्या अ‍ॅलर्जीने गांधी येतात तेव्हा त्या काही मिनिटांत, फार तर दोन तासांत येतात. (गोचीड चावल्यानंतर होणारी लाल मांसाची अ‍ॅलर्जी हा अपवाद, तिला काही तास लागतात.) परवा दुपारी खाल्लेल्या पदार्थाला आज सकाळच्या गांधींसाठी धरणं म्हणजे निव्वळ अंदाज. शिवाय खरंच अ‍ॅलर्जी असेल तर तो पदार्थ पुन्हा खाल्ला की गांधी पुन्हा येतात, आणि खाणं थांबलं की साधारण दिवसभरात विरतात.

माझ्या मुलीचं दूध बंद केल्यावरही सात दिवस नव्या गांधी येतच होत्या. आठव्या दिवशी थांबल्या आणि मला वाटलं, दूध सोडल्याचाच गुण आला. दुधाचा दोष असता तर दुसऱ्याच दिवशी फरक दिसला असता, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

त्या दिवसांत केलेली एकच गोष्ट उपयोगी पडली. रात्री साडेनऊला मी तिच्या डाव्या मांडीवरच्या एका गांधीभोवती बॉलपेनने रेघ ओढली. सकाळी निळं वर्तुळ होतं तसंच, आत कातडी अगदी स्वच्छ, आणि दोन बोटं वर दुसरीच गांधी. साध्या पित्ताची हीच खूण: एक गांधी एका जागी सहसा चोवीस तासांपेक्षा जास्त राहत नाही आणि डाग ठेवून जात नाही. हातापायांवर बारीक, टणक, मधे ठिपका असलेले फोड दिवसचे दिवस तिथेच राहिले, तर किड्याच्या दंशाचा विचार करावा. जांभळे डाग काचेचा पेला दाबूनही फिके पडत नसतील, किंवा गांधींबरोबर सांधे सुजले असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

‘दूध, अंडी, गहू बंद करा.’ वाढत्या वयाच्या मुलाचं अर्धं ताट यात रिकामं होतं. त्याहून वाईट म्हणजे, जो पदार्थ मूल आजवर नीट पचवत होतं तो बराच काळ तोडला, तर काही मुलांना पुन्हा सुरू करताना खरीखुरी अ‍ॅलर्जी उद्भवू शकते. माझी मुलगी आधी रोज दूध पीत होती, कधी काही झालं नव्हतं. डॉक्टरांनी एवढं ऐकून ते पुन्हा सुरू करायला सांगितलं. काही झालं नाही.

‘तपासणीत सगळं कळतं.’ नाही कळत. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीशी संबंधित प्रतिपिंडं सापडली, तरी तो पदार्थ खाऊन त्रास होईलच असं नाही. अहवालात ‘पॉझिटिव्ह’ असलेला पदार्थ कितीतरी मुलं आनंदाने खातात. हकिगत ज्या पदार्थाकडे बोट दाखवते, त्याचीच तपासणी करण्यात अर्थ आहे. आणि आयजीजी ही दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडं मोजणारी चाचणी अ‍ॅलर्जी दाखवतच नाही. मूल तो पदार्थ खातं, फार तर एवढंच सांगते.

औषधामुळेही गांधी उठू शकतात, याबद्दल संदेशात अवाक्षर नाही. तापात अँटिबायोटिक सुरू असताना गांधी उठल्या तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारा. पण ‘हिला पेनिसिलिन चालत नाही’ असा शिक्का घरच्या घरी मारू नका. असा शिक्का बसलेल्या बहुतेक मुलांना नंतर रीतसर तपासल्यावर ते औषध चालतं. गांधींचे फोटो, औषधाचं नाव, डोसची वेळ लिहून ठेवा.

‘खाजेचं औषध देऊ नका.’ दाबून ठेवायला आत विष नसतंच. सेटिरिझिनसारखं औषध हिस्टामिनला त्याच्या जागी बसू देत नाही, एवढंच त्याचं काम. मूल रात्रभर खाजवत रडत असताना ते रोखून धरणं हा विनाकारण छळ आहे. मात्र डोस डॉक्टरांकडूनच घ्या, आणि घरात पडलेलं झोप आणणारं जुनं सिरप देऊ नका. प्रोमेथाझिन तर दोन वर्षांखालच्या मुलाला देऊच नये.

संदेशात एक गोष्ट खरी आहे: खाणं हे कारण असू शकतं. आणि असतं तेव्हा ते जिवावरही बेतू शकतं. गांधींबरोबर श्वासाला घरघर, आवाज घोगरा, जीभ सुजलेली, पुन्हा पुन्हा उलट्या, किंवा मूल एकदम पांढरं पडून मलूल झालं, तर सेटिरिझिन पुरत नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, तेही लगेच. त्या क्षणी काय खाल्लं होतं ते आठवत बसू नका. रुग्णवाहिका बोलवा, मुलाला आडवं ठेवा, श्वास लागत असेल तर मांडीवर बसतं धरा. उभं करू नका, चालवू नका.