पत्र कळू नये म्हणून

कार्यालयीन पत्राला खरा धोका एकच: ते वाचणाऱ्याला कळू शकते. कळले की तो प्रश्न विचारतो, मग उत्तर द्यावे लागते, आणि उत्तराखाली सही कोणी करायची यावर दोन दिवस जातात. तेव्हा खबरदारी मसुद्यातच घ्या.

समजा, पुरवठादाराला कळवायचे आहे, 'तुमचे पैसे आम्ही पुढच्या महिन्यात देऊ.' किती उघडेवाघडे वाक्य! कोण देणार तेही आले, केव्हा तेही आले. आधी 'आम्ही' काढा. 'देऊ'च्या जागी 'अदा करण्यात येईल' घाला. आता पैसे कोणी बुडवले हे कोणाच्या बापाला सापडणार नाही. 'पुढच्या महिन्यात' खोडून 'यथावकाश' लिहा. झाले: 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, सदर देयकाची रक्कम आवश्यक त्या पूर्ततेअंती यथावकाश अदा करण्यात येईल.' पूर्तता कसली, ते मात्र लिहू नका. तो फोन करून विचारेलच, आणि तेव्हा साहेब मीटिंगमध्ये असतील.

एखादे नवे पोर मसुदा तपासताना 'सदर' खोडते, लांब वाक्याची दोन करते. त्याला वेळीच आवकजावकला बसवा.

आपल्या पूर्वजांना हे तंत्र साधलेच नाही. 1761 साली पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी चिठ्ठीतून समजली म्हणतात. मजकूर काय, तर दोन मोती गळाले, मोहरा गेल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. संपले पत्र! मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, हे पेशव्यांनी तिथल्या तिथे ओळखले. सांकेतिक भाषेत लिहूनही कळते, याला काय मसुदा म्हणायचे?

तुम्ही असतात तर लिहिले असतेत: 'पानिपत येथील मोहिमेदरम्यान मनुष्यबळात काही अंशी घट झाल्याचे निदर्शनास आले असून, तसेच आर्थिक बाबींची पडताळणी प्रक्रियाधीन असून, याबाबतचा सविस्तर अहवाल सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेअंती स्वतंत्रपणे सादर करण्यात येईल.' पेशवे निवांत अहवालाची वाट पाहत बसले असते. आणि हो, सही झाल्यावर प्रती काढायला विसरू नका. जितक्या जास्त जणांना प्रत, तितकी जबाबदारी पातळ. प्रत माहितीस्तव: होळकर, शिंदे, लेखा शाखा, अहमदशहा अब्दाली.