फायबरला वेगळा पाईप नको म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

"घर बांधताय? फायबरसाठी वेगळा पाईप टाकून पैसे घालवू नका" असा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्यात. फायबरमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या काचेच्या केबलमध्ये, करंट नसतो, म्हणून तो लाईटच्याच पाईपातून ओढा. काच सडत नाही, म्हणून पाईप न घालता भिंतीत खोदलेल्या झिरीत ठेवून गिलावा करा. प्रत्येक वळणाला स्पीड निम्मा होतो. तुटला तर टोकाला टोक लावून टेप मारा. आणि लाईन चालू आहे का बघायला टोकाला डोळा लावा. पाचगावात घर बांधत असलेल्या आमच्या आतेभावानं हे वाचून वायरमनला फायबरचा पाईप रद्द करायला सांगितलं. गिलावा पुढच्या आठवड्यात आहे, म्हणून आज हे लिहायलाच हवं.

पहिल्या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण तो जिवाशी खेळणारा आहे. काचेतून वीज जात नाही, हे खरं. लाईटच्या पाईपाला खेटून, एकाच झिरीतून फायबरचा पाईप नेला तरी सिग्नलला काही होत नाही. तांब्याच्या लॅन केबलसारखं अंतर राखायची गरज नाही. एवढं मान्य. पण मेसेज शेजारून न्यायला सांगत नाही, त्याच पाईपातून ओढायला सांगतो.

खांबावरून घरात येणारी ड्रॉप केबल म्हणजे नुसती काच नव्हे. साधारण २ बाय ३ मिलिमीटरची चपटी केबल असते, मधोमध फायबर आणि दोन्ही बाजूंना आधाराच्या दोन काड्या. या काड्या कधी एफआरपीच्या, म्हणजे काचतंतू घातलेल्या प्लास्टिकच्या असतात, कधी पोलादी तारेच्या. खांबापासून ताणून आणायच्या केबलला वरून आणखी एक जाड पोलादी तार जोडलेली असते. ही केबल वायरींनी भरलेल्या पाईपातून जोरात ओढली की घासण्याच्या उष्णतेनं शेजारच्या वायरचं पीव्हीसीचं वेष्टन कापलं जातं. उघड्या तांब्याला पोलाद टेकलं की २३० व्होल्ट त्या तारेवर आले. तिचं एक टोक राउटरमागच्या डबीत आणि दुसरं बाहेर खांबाकडे. तारेला कुठं अर्थिंग मिळत नसल्यानं एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की पडणारा स्विच, पडत नाही. कुणाचा तरी हात लागल्यावर ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पडणारा स्विच, पडेल, तोही बसवला असेल तर. पोलाद आहे का हे ओळखायला केबलच्या टोकाला चुंबक लावा. चिकटलं तर पोलाद.

केबल एफआरपीची असली तरी लाईटचा पाईप नकोच. पुढं कधी फायबर बदलायला येणारा मुलगा इंटरनेटचा असतो, लाईटचा नसतो. त्याला चालू स्विचबोर्ड उघडायला लावायचा का?

झिरीत नुसती केबल ठेवून वरून गिलावा करायचा, हा दुसरा सल्ला. काच गंजत नाही, बरोबर. पण ताणाखाली असलेल्या काचेवरच्या सूक्ष्म चिरा ओलाव्यानं हळूहळू वाढतात आणि एक दिवस ती तुटते. गिलावा आक्रसताना केबल आवळली जाते, आणि आपल्याकडं पावसाळ्यात भिंती ओल धरतात, म्हणजे दोन्ही गोष्टी आल्या. वर एखादा खिळा लागला तर अख्खी भिंत फोडायची. पाईपात असेल तर तासाभरात नवी केबल ओढून होते.

वळणाला स्पीड निम्मा, हे कुठून काढलं कळत नाही. आयटीयू या दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची जी.६५७ ही शिफारस याच कामासाठी आहे, म्हणजे इमारतीत वाकवायच्या फायबरसाठी. तिच्या २०१६ च्या आवृत्तीत ए२ प्रकाराला १० मिलिमीटर त्रिज्येच्या एका पूर्ण वेढ्याला १५५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर जास्तीत जास्त ०.१ डेसिबल तोटा चालतो. एक पूर्ण वेढा म्हणजे चार काटकोन. ०.१ डेसिबल म्हणजे सुमारे सव्वादोन टक्के प्रकाश. घरचं जीपॉन, म्हणजे फायबरवरून घरोघरी इंटरनेट द्यायची पद्धत, १४९० आणि १३१० नॅनोमीटरवर चालतं, तिथं हा तोटा आणखी कमी. आणि प्रकाश कमी झाला म्हणून स्पीड त्या प्रमाणात उतरत नाही. बी प्लस वर्गाच्या ओएनटीला, म्हणजे घरात फायबर जिथं जोडतात त्या डबीला, उणे २७ डीबीएमपर्यंतचा सिग्नल पुरतो. डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. उणे २० चा उणे २३ झाला, म्हणजे प्रकाश खरोखर निम्मा झाला, तरी स्पीड तोच राहतो. मर्यादेखाली गेला की मात्र लाईन अडखळते आणि एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लागतो.

यातलं अर्धसत्य एवढंच की एल्बोच्या, म्हणजे पाईपाच्या काटकोनी जोडाच्या, टोकदार कोपऱ्यावर केबल मुडपली की प्रकाश बाहेर गळतो. जुन्या जी.६५२ फायबरला तर ३० मिलिमीटरपेक्षा लहान त्रिज्या देऊच नये. म्हणून केबलवरची छपाई वाचून जी६५७ए२ मागून घ्या.

टेपचा सल्ला दोन वाक्यांत संपतो. प्रकाश ज्या गाभ्यातून जातो तो सुमारे ९ मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी बारीक, आणि दोन गाभे मायक्रॉनच्या हिशेबात समोरासमोर यावे लागतात. ते काम टोकं वितळवून जोडणाऱ्या स्प्लायसिंग मशीनचं, किंवा निदान नीट कापून बसवलेल्या फास्ट कनेक्टरचं.

डोळा लावायचं तर कुणीही करू नका, मुलांना तर जवळही येऊ देऊ नका. जीपॉनचा प्रकाश अवरक्त असतो, चालू लाईनही डोळ्याला काळीच दिसते. घरापर्यंत पोचलेला जीपॉन बहुधा क्षीण असतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण त्याच वेळी दुसऱ्या टोकाला कुणी तपासणीचा लाल लेझर लावलेला असेल तर तो थेट डोळ्यात जातो. शिवाय तुटक्या टोकाची काचेची कुसळं. लाईन बघायची तर ओएनटीचा पॉनचा हिरवा दिवा स्थिर आहे का बघा, नाहीतर इंटरनेटवाल्याला प्रकाश मोजायचं पॉवर मीटर लावायला सांगा.

आता ज्या पाईपाचे पैसे वाचवायचे म्हणतात तो पाईप. १२ मीटरच्या ओळीला २५ मिलिमीटरचे, ३ मीटर लांबीचे चार पाईप लागतात. २० चा घेऊ नका, कारण केबलच्या टोकाचा एससी कनेक्टर ९ मिलिमीटर रुंद आणि मागच्या रबरी बुटासकट पाच-सहा सेंटिमीटर ताठ असतो, तो वळणात अडकतो. एल्बो एकही नको. बेंडिंग स्प्रिंग घालून पाईप वाकवा, आतल्या व्यासाच्या सहापट त्रिज्या ठेवा, म्हणजे साधारण १३ सेंटिमीटर. जाळावर तापवून वाकवला तर आतून चपटा होतो. दोन काटकोनांनंतर मध्ये एक बॉक्स द्या. सांधे सोल्यूशननं चिकटवा, स्लॅबमधून नेत असाल तर दोन्ही तोंडं टोपणानं बंद करा, नाहीतर काँक्रीटची रबडी आत जाते.

बाहेरचं तोंड खाली वळवलेलं, उतार बाहेरच्या बाजूला, आणि केबल ओढून झाल्यावर सिलिकॉननं बंद, म्हणजे पाऊस आणि मुंग्या आत येत नाहीत. २०१९ आणि २०२१ ला ज्या गल्ल्यांत पुराचं पाणी आलं तिथं हे तोंड वरच्या मजल्यावर घ्या. आतल्या बॉक्सशेजारी ओएनटी आणि राउटरसाठी दोन सॉकेट, इन्व्हर्टरवर.

पाईपात नायलॉनची दोरी आत्ताच सोडून ठेवा. केबल ओढताना दोरी आधाराच्या काड्यांना बांधा, कनेक्टरला नाही. जड गेलं तर शंखजिऱ्याची पूड लावा, तेल-ग्रीस नको. एफआरपीच्या केबलला साधारण ८० न्यूटन, म्हणजे आठ किलोच्या आसपासच ताण सोसतो. अडकली तर मागं घ्या, झटका मारू नका. बॉक्समध्ये मीटरभर केबल चहाच्या बशीएवढ्या वेटोळ्यात शिल्लक ठेवा. कनेक्टर हिरवा असेल तर समोरचा अडॅप्टरही हिरवाच हवा, निळ्यात घालू नका.

गिलावा करणारे आले की झिरी बुजवायच्या आधी दोरी दोन्हीकडून ओढून मोकळी फिरते का बघा. मग जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून मोजायची टेप लावून भिंतीचा फोटो काढा, आणि त्यावर अंतर लिहून वायरमनलाही पाठवून द्या.